अवटू ग्रंथी नसेल तर?

शालेय पाठ्यपुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींचा एक तक्ता असतो. पहिल्या रकान्यात ग्रंथीचे नाव, दुसऱ्यात संप्रेरकाचे नाव आणि तिसऱ्यात कार्य. अवटू ग्रंथीपुढे 'थायरॉक्सिन' आणि 'चयापचयाचे नियंत्रण' असे लिहिलेले असते. परीक्षेत एका गुणासाठी तेवढे पुरते. पण हा तक्ता शिकवताना एखादी विद्यार्थिनी हमखास विचारते, "माझ्या मावशीची थायरॉईड ऑपरेशन करून काढून टाकली आहे. ती तर रोज कामावर जाते. मग ही ग्रंथी नसली तरी चालते का?"

प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर तक्त्यात सापडत नाही. थोडक्यात सांगायचे तर, ग्रंथी नसली तरी चालते. तिचे संप्रेरक नसले तर मात्र चालत नाही. आणि आयुष्यातला एक छोटा काळ असा असतो, की त्या वेळी संप्रेरक मिळायला उशीर झालेलाही चालत नाही. हे तिन्ही मुद्दे माणसाला कसे कळले, ते पाहण्यासारखे आहे.

आधी ग्रंथीची ओळख. ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आणि वजन जेमतेम २० ग्रॅम. निरोगी माणसात ती सहसा दिसत नाही. डॉक्टर गळा तपासताना पाण्याचा घोट गिळायला सांगतात, कारण गिळताना स्वरयंत्राबरोबर ही ग्रंथीही वर सरकते आणि बोटांना जाणवते. आपल्याकडे लोक "मला थायरॉईड आहे" असे आजार सांगावा तसे सांगतात. खरे तर थायरॉईड सगळ्यांनाच असते. उलट ज्यांची ती काढून टाकलेली असते, तेही "मला थायरॉईड आहे" असेच म्हणतात!

बर्नमधील गलगंड

एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडच्या डोंगराळ भागात गलगंड घरोघरी दिसत असे. तेथील माती-पाण्यात आयोडीन कमी, आणि आयोडीन हा तर या ग्रंथीचा कच्चा माल. कच्चा माल अपुरा पडला की ग्रंथी अधिकाधिक वाढत जाते. काहींचा गलगंड इतका वाढे की श्वासनलिका दाबली जाऊन जीव गुदमरे. ग्रंथी कापून काढावी, तर तिच्यात रक्तवाहिन्यांचे जाळे इतके दाट की रोगी मेजावरच दगावण्याची भीती. त्यामुळे बरेचसे शल्यचिकित्सक या शस्त्रक्रियेच्या वाटेला जात नसत.

बर्न विद्यापीठात १८७२ साली प्राध्यापक झालेले थिओडोर कोखर हे अत्यंत शांत, सावकाश आणि नेटके काम करणारे शल्यचिकित्सक होते. एकेक रक्तवाहिनी बांधत, जंतुनाशकांचा काटेकोर वापर करीत ते शस्त्रक्रिया करीत. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. मग त्यांनी त्या काळच्या दृष्टीने तर्कशुद्ध अशी एक गोष्ट केली. ग्रंथीचा तुकडा मागे ठेवला तर गलगंड पुन्हा वाढतो, आणि ग्रंथीला काही महत्त्वाचे काम असल्याचे कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा काही रोग्यांची संपूर्ण ग्रंथीच त्यांनी काढून टाकली. जखमा उत्तम भरल्या आणि रोगी बरे होऊन घरी गेले.

१८७४ साली त्यांनी अशीच शस्त्रक्रिया एका ११ वर्षांच्या मुलीवर केली होती. पुढे तिच्या गावाकडच्या डॉक्टरांनी कळवले की मुलगी पार बदलली आहे. हसरी होती ती मंद आणि उदास झाली आहे. १८८२ मध्ये जिनीव्हाचे शल्यचिकित्सक झाक-लुई रेव्हर्दें यांनीही आपल्या रोग्यांबाबत असाच अनुभव कोखरना सांगितला. कोखरनी आपल्या जुन्या रोग्यांना पत्रे पाठवून तपासणीसाठी परत बोलावले. हे आज साधे वाटते, पण त्या काळी जखम भरली की शल्यचिकित्सकाचे काम संपले असे मानले जाई. संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी १८ जण आले. त्यांतील १६ जणांची अवस्था बिघडलेली होती. चेहरा आणि हात सुजल्यासारखे, त्वचा कोरडी व थंड, केस विरळ, बोलणे आणि चालणे संथ, बुद्धी मंदावलेली. थंडी त्यांना सहन होत नव्हती. त्या मुलीची तर वाढच थांबली होती. शस्त्रक्रियेपूर्वी तिच्यात आणि तिच्या धाकट्या बहिणीत लोकांची गल्लत होत असे. आता बहीण उंच तरुणी झाली होती आणि ही मात्र होती तेवढीच राहिली होती.

१८८३ साली जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत कोखरनी हे सारे मांडले आणि गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे यापुढे बंद, असे ठरवले. स्वतःच्या कामाचे दुष्परिणाम असे भर सभेत आकड्यांसह सांगणारे लोक विज्ञानात फार नाहीत. गंमत अशी, की कारण मात्र त्यांनी चुकीचे दिले. श्वासनलिकेला इजा झाल्याने प्राणवायू कमी पडत असावा, असा त्यांचा कयास होता.

खरे कारण लंडनमधून आले. तेथे विल्यम गल यांनी १८७३ साली काही प्रौढ स्त्रियांमध्ये अगदी अशीच लक्षणे वर्णन केली होती. पुढे त्या विकाराला मिक्सिडिमा हे नाव पडले. या स्त्रियांवर कसलीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. फेलिक्स सीमन यांनी १८८३ मध्ये सुचवले, की बर्नमधील रोगी, लंडनमधील स्त्रिया आणि डोंगराळ भागातील जन्मतः खुरटलेली, मतिमंद मुले या तिन्हींच्या मुळाशी अवटू ग्रंथीचे नसणे किंवा निकामी होणे हेच आहे. प्रथम लोक त्यांना हसले. मग व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांची ग्रंथी काढून प्रयोग केले, तज्ज्ञांची समिती बसली आणि १८८८ साली तिने सीमन यांचे म्हणणे मान्य केले. म्हणजे अवटू ग्रंथीचे कार्य आपल्याला कळले, ते ती नसलेल्या माणसांकडून. कोखरना १९०९ साली या ग्रंथीवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक उपकथा सांगण्याचा मोह आवरत नाही. व्हिएन्नाचे प्रख्यात बिलरोथ हेही अशाच शस्त्रक्रिया करीत. परंतु त्यांच्या रोग्यांना मिक्सिडिमा क्वचित होई, त्याऐवजी हातापायांना पेटके येत आणि काही जण त्यात दगावत. असे का? अमेरिकेचे शल्यचिकित्सक हॉलस्टेड यांनी दोघांचे काम पाहिले होते. त्यांचा तर्क असा, की कोखर इतक्या सफाईने काम करीत की अवटू ग्रंथीचा कणही मागे राहत नसे, पण आजूबाजूचे सगळे सुरक्षित राही. बिलरोथ यांचा हात जलद, त्यामुळे अवटूचे तुकडे मागे राहत आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या गव्हाच्या दाण्याएवढ्या चार परावटू ग्रंथी मात्र दुखावल्या जात किंवा निघून येत. या चार ग्रंथी रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. त्या माणसात असल्याचे स्वीडनचा एक वैद्यकीय विद्यार्थी, इव्हार सांडस्ट्रॉम, याने १८८० मध्ये दाखवले. त्याच्याही आधी रिचर्ड ओवेन यांना त्या आढळल्या होत्या, पण माणसात नव्हे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली मेलेल्या एका भारतीय गेंड्यात! आजही अवटूची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, तर डॉक्टर आधी कॅल्शियम तपासतात. ती तक्रार अवटूची नसते, तिच्या शेजाऱ्यांची असते.

मेंढीची ग्रंथी

कारण कळल्यावर उपायाला फार वेळ लागला नाही. १८९१ मध्ये न्यूकॅसलचे तरुण डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क मिक्सिडिमा झालेल्या एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचायला सुरुवात केली. त्या सुधारल्या आणि पुढे तब्बल २८ वर्षे जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. पुढच्याच वर्षी, १८९२ साली, असे दिसून आले की टोचण्याचीही गरज नाही. ग्रंथी नुसती खाल्ली तरी गुण येतो. एका डॉक्टरांनी तर ती जराशी परतून, बारीक करून, जेलीबरोबर द्यायला सांगितली होती.

विज्ञानाच्या शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. इन्सुलिन असे तोंडावाटे का देता येत नाही? इन्सुलिन हे प्रथिन आहे. जठरात आणि आतड्यात त्याचे तुकडे होतात. थायरॉक्सिन हा मात्र एक छोटा रेणू आहे. टायरोसीन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंपासून तो बनतो आणि त्याला आयोडीनचे चार अणू जोडलेले असतात. पचनरसांपुढे तो टिकतो, तव्यावरही टिकतो. या छोट्या रेणूमुळे लाखो लोकांची इंजेक्शने वाचली.

पुढचा इतिहास भराभर सांगता येईल. बाउमन यांना १८९५ साली ग्रंथीत आयोडीन सापडले. अमेरिकेत केंडॉल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिनचे स्फटिक मिळवले. हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रचना उलगडली आणि पुढच्या वर्षी बार्जर यांच्यासह ते प्रयोगशाळेत बनवले. मेंढ्या सुटल्या. आज रोगी जी बारीकशी गोळी घेतात, तिच्यातील थायरॉक्सिन ग्रंथीतील थायरॉक्सिनसारखेच, अणूला अणू जुळणारे असते.

एका गोळीत भागते कसे?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ग्रंथी तर दिवसरात्र रक्तात संप्रेरक सोडत असते. तिच्याऐवजी सकाळी एकदा गोळी घेतली, तर दुपारपर्यंत संप्रेरकाचा पूर आणि रात्री दुष्काळ अशी अवस्था व्हायला नको का?

तशी होत नाही, याचे पहिले कारण म्हणजे थायरॉक्सिन रक्तात फार काळ टिकते. ते जवळजवळ सगळेच्या सगळे रक्तातील प्रथिनांना चिकटलेले असते. १०,००० रेणूंमागे दोन-तीनच मोकळे असतात. एकूण साठ्यापैकी निम्मा संपायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणजे रोज साधारण एक दशांश भाग खर्च होतो. प्रौढ माणसाच्या शरीरात ग्रंथीबाहेर सुमारे १,००० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन असते, आणि ज्यांना ग्रंथीच नाही अशा ६० किलो वजनाच्या माणसाला रोज साधारण १०० मायक्रोग्रॅमची गोळी लागते. हिशेब नेमका जुळतो.

हे वर्गात मुगाच्या दाण्यांनी करून दाखवता येईल. एका वाटीत १०० दाणे घ्या. एक दाणा म्हणजे १० मायक्रोग्रॅम. रोज वाटीतले एक दशांश दाणे काढायचे (खर्च) आणि १० दाणे टाकायचे (गोळी). वाटीत १०० दाणे कायम राहतात. एक दिवस गोळी विसरली, तर ९० उरतात. शरीराला ते फारसे जाणवतही नाही. गोळी बंदच केली, तर आठवड्याने जवळपास ४८, दोन आठवड्यांनी २३ आणि महिन्याने अवघे ४-५ दाणे उरतात. उलट, रिकाम्या वाटीपासून सुरुवात करून रोज १० दाणे टाकत गेलो, तर पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ५२, दुसऱ्याच्या ७७ आणि सहाव्या आठवड्यात सुमारे ९९. गोळीची मात्रा बदलल्यावर डॉक्टर सहा आठवड्यांनीच रक्त तपासायला का सांगतात, याचे उत्तर या वाटीत आहे. मुलांना अर्धायुष्याची संकल्पना किरणोत्सर्गी पदार्थांपेक्षा येथे जास्त लवकर कळते, असे आम्हांला वाटते.

आणखी एक हिशेब मुलांना आवडेल. रोज १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ ग्रॅम थायरॉक्सिन १०,००० दिवस पुरते, अर्थात २७ वर्षे. माणसाच्या उभ्या आयुष्याची चयापचयाची सोय चहाच्या चमच्याच्या तळाशी मावेल एवढ्या पुडीत होते.

दुसरे कारण अधिक रंजक आहे. थायरॉक्सिनला चार आयोडीन अणू असल्याने त्याला टी-४ म्हणतात. १९५२ साली ग्रॉस आणि पिट-रिव्हर्स यांनी तीन आयोडीन अणूंचे एक भावंड शोधले, ते टी-३. पेशींच्या केंद्रकात जाऊन जनुकांची कळ दाबण्याचे खरे काम हे टी-३ करते. ग्रंथी थोडे टी-३ थेट बनवते. पण ग्रंथी नसलेल्याने फक्त टी-४ ची गोळी घेतली तर त्याला टी-३ मिळणार कोठून? १९७० मध्ये ब्रेव्हरमन आणि सहकाऱ्यांनी हे तपासले, आणि तेही अवटू ग्रंथी काम करीत नसलेल्या माणसांतच. त्यांना टी-४ दिल्यावर त्यांच्या रक्तात टी-३ आढळले. म्हणजे यकृत, मूत्रपिंड, मेंदू, स्नायू अशा अवयवांतील पेशी टी-४ मधील एक आयोडीन अणू काढून आपल्या गरजेनुसार टी-३ तयार करतात. निरोगी माणसातही सुमारे ८० टक्के टी-३ असेच ग्रंथीबाहेर बनते. ग्रंथीचे काम धान्य पुरवण्याचे. दळून घेणे ज्या त्या घराचे. ग्रंथी गेली तरी घरोघरची जाती शाबूत असतात, म्हणून बाहेरून आणलेल्या धान्यावर भागते.

टी-३ रक्तात जेमतेम एक दिवस टिकते. त्याचीच गोळी द्यायची ठरली असती, तर वाटीतले निम्मे दाणे रोज गेले असते.

तिसरी गोष्ट मात्र ग्रंथीबरोबर खरोखरच जाते, ती म्हणजे आपोआप जुळवून घेण्याची सोय. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी रक्तातील थायरॉक्सिन सतत मोजत असते. ते कमी झाले की ती टीएसएच हे संप्रेरक सोडून अवटूला कामाला लावते. पुरेसे झाले की टीएसएच कमी करते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल जसा पाणी उतरले की नळ उघडतो आणि भरले की बंद करतो, तशीच ही रचना. ग्रंथी नसलेल्या माणसात बॉल शाबूत असतो, पण नळच नसतो. पियूषिका टीएसएच सोडून हाका मारते आणि ओ द्यायला कोणी नसते. या हाका मात्र रक्तात मोजता येतात. टीएसएच वाढलेले दिसले की डॉक्टर गोळी वाढवतात, फार कमी दिसले की घटवतात. थायरॉक्सिन थोडे जरी उतरले, तरी टीएसएच कित्येक पटींनी वाढते. म्हणून ही तपासणी इतकी उपयोगी पडते. नळ उघडण्याचे काम रोगी आणि डॉक्टर मिळून करतात, एवढाच फरक.

रोजचे जगणे

ही ग्रंथी आज मुख्यतः कर्करोगासाठी, फार मोठ्या गलगंडासाठी किंवा अतिकार्यशील झाल्यास काढली जाते. काही वेळा शस्त्रक्रियेऐवजी किंवा तिच्यानंतर किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पाजतात. शरीरातले आयोडीन ही ग्रंथीच ओढून घेत असल्याने औषध नेमके तिच्याच पेशींत साठते आणि त्यांना नष्ट करते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये स्थापन झाले, आणि हे उपचार भारतात रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

मावशीचे पुढचे आयुष्य मग कसे असते? गोळी रोज, सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास काही खायचे नाही. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी. एवढे पाळले तर आयुर्मान कमी होत नाही, कष्टाची कामे करता येतात, मुले होऊ शकतात. मात्र गरोदरपणात गोळीची मात्रा बरीच, सुमारे पाव ते निम्म्याने, वाढवावी लागते आणि तेही पहिल्या काही आठवड्यांतच. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जायला हवे. पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

गोळी सोडून देणाऱ्यांचे हाल मात्र कोखरच्या रोग्यांसारखेच होतात, फक्त हळूहळू. शरीराचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च ३० ते ४० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. थंडी वाजते, नाडी मंदावते, बद्धकोष्ठ होते, आवाज घोगरा होतो, पाळीत रक्तस्राव वाढतो, रक्तातील कोलेस्टेरॉल चढते. शेवटी शरीराचे तापमान घसरून बेशुद्धी येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. "आता बरे वाटते, मग गोळी कशाला?" हा या बाबतीतला सर्वांत धोकादायक विचार आहे, बरे वाटते ते गोळीमुळेच. उलट, वजन उतरवण्यासाठी स्वतःच्या मनाने जास्त गोळ्या घेणारेही असतात. त्यात हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

सगळ्यांचे सगळे सुरळीत चालते, असेही म्हणता येणार नाही. रक्ततपासणी ठाकठीक असूनही काही रोगी थकवा, विस्मरण, वाढते वजन यांच्या तक्रारी करतात. पूर्वी त्यांची "मनाचे खेळ" म्हणून बोळवण होई. आता हे माहीत आहे, की केवळ टी-४ घेणाऱ्यांच्या रक्तात ग्रंथी असलेल्यांपेक्षा टी-४ थोडे जास्त आणि टी-३ थोडे कमी असते. टी-३ ही बरोबर देऊन पाहण्याचे बरेच प्रयोग झाले. पण एकूण रोग्यांना त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. काहींना व्यक्तिशः बरे वाटते. वाद मिटलेला नाही, आणि तक्रार करणाऱ्यांना खोटे ठरवण्याइतके ज्ञान अजून कोणाजवळ नाही, असे आमचे मत आहे.

बेडकाचे पिल्लू आणि माणसाचे बाळ

पावसाळ्यात डबक्यातले बेडूकमासे वर्गात आणून आपण त्यांचे रूपांतर दाखवतो. १९१२ साली गुडरनाच यांनी बेडूकमाशांना घोड्याची अवटू ग्रंथी खाऊ घातली. ते लगेच रूपांतरित झाले आणि त्यांचे माशीएवढे बेडूक बनले. पुढे ॲलन यांनी अगदी लहान बेडूकमाशांची अवटूच काढून टाकली. ते वाढतच राहिले, मोठे झाले. पण त्यांचे बेडूक झालेच नाहीत. हे संप्रेरक केवळ इंधन जाळण्यापुरते नाही, शरीराची घडण कधी व्हायची तेही ते ठरवते. (हे प्रयोग वर्गात करू नयेत; सांगितले तरी पुरे.)

माणसाच्या बाळात ही घडण मेंदूची असते. गर्भात अवटू ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होऊन सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यात उतरते. काही बाळांत ती बनतच नाही, काहींत वाटेतच अडकून खुरटी राहते. पोटात असताना आईचे थोडे संप्रेरक वारेतून मिळते, म्हणून असे बाळ जन्मते तेव्हा बहुधा इतर बाळांसारखेच दिसते. नाळ तुटली की तो पुरवठा थांबतो. नंतरची लक्षणे फसवी असतात: कावीळ लवकर उतरत नाही, शी रोज होत नाही, बेंबी पुढे येते, रडणे घोगरे असते. बाळ फारसे रडत नाही, दूध पितापिता झोपते. आजी कौतुकाने म्हणते, "किती गुणी बाळ आहे, त्रासच देत नाही." तीन-चार महिन्यांनी बाळ मान धरत नाही म्हणून दवाखान्यात नेतात, तोवर मेंदूच्या वाढीचा मोठा काळ निघून गेलेला असतो. नंतर गोळी दिली तर उंची वाढते, त्वचा सुधारते, बाळ हसू लागते. परंतु गेलेली बुद्धी पुरती भरून येत नाही. प्रौढ माणसात चार महिन्यांनी गोळी सुरू केली तरी तो पूर्ववत होतो. बाळाला ही सवलत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर ही मुले बहुतांशी इतरांसारखीच वाढतात आणि शिकतात. बाळाला दर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. प्रौढाला सुमारे १.६. तीन किलोच्या बाळाची गरज मोठ्या माणसाच्या दरापेक्षा सहा ते नऊ पट आहे, यावरून त्या वयात काय वेगाने घडण चालते, ते ध्यानात येईल. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात देतात. खर्च अगदी थोडा.

अडचण ओळखण्याची आहे. १९७० च्या दशकात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेऊन सरसकट तपासणी सुरू झाली; पुढे अनेक देशांनी ती स्वीकारली. जन्मानंतर लगेचच टीएसएच आपसूक उसळते, म्हणून रक्त दोन-तीन दिवसांनी घेणे बरे. आपल्याकडे पुष्कळ बाळंतिणी त्याआधीच घरी जातात. मग नाळेतील रक्त तपासण्याचा पर्याय उरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री पाहणीत १,१३० बाळांमागे एकात जन्मजात अवटू-न्यूनता आढळली. या सर्वांना ग्रंथी नसतेच असे नाही, पण उपचार सगळ्यांना लागतात. वर्षाला साडेचार हजार जन्म होणारा एखादा तालुका घेतला, तर या प्रमाणात तेथे दरवर्षी अशी चार बाळे जन्मत असतील. गोव्याने २००८ साली राज्यपातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. प्रत्येक बाळापर्यंत पोचणारी देशव्यापी योजना मात्र आपल्याकडे अजून नाही. त्यामुळे सध्या तरी आईवडिलांनी स्वतः ही तपासणी मागायला हवी, आणि गावात अशा गोष्टी सांगणाऱ्यांत शिक्षक असतोच.

गोळी घेणारे एखादे मूल वर्गात असेल, तर त्याला खेळातून वगळण्याचे किंवा वेगळे बसवण्याचे काहीच कारण नाही. गोळी सकाळी घरीच घेतली जाते. सहलीला किंवा शिबिराला जाताना तेवढी आठवण द्यावी. वाढत्या वयात मात्रा वारंवार बदलते, त्यामुळे तपासणीच्या दिवशी रजा लागेल. ग्रंथी जन्मतः चांगली असूनही पुढे शाळेच्या वयात निकामी होते, अशीही मुले असतात. त्यांच्यात पहिली खूण बहुतेक वेळा अभ्यासात दिसत नाही, ती उंचीत दिसते. दर सहा महिन्यांनी हजेरीपटाजवळ उंची लिहून ठेवण्याची पद्धत असेल, तर लागोपाठ दोन नोंदींत जवळजवळ तोच आकडा आलेल्या मुलाच्या पालकांना टीएसएच तपासून घ्यायला सांगावे.